‘एकमताने’ लिहिण्याआधी

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन एकाच गाठीची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. लिहिणाऱ्यांच्या इच्छेप्रमाणे नावं गाळली आहेत. मासिकाचे सगळेच वाचक आमच्या परंपरेतले नाहीत, त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. प्रेस्बिटेरियन मंडळीत बिशप नसतो. मंडळी आपल्यातून वडील निवडते. ते आणि पाळक मिळून सेशन होतं. आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील मिळून प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनड, त्यावर जनरल असेंब्ली. ‘वडील’ हे पद आहे, वयाशी त्याचा संबंध नाही.

पत्र पहिलं

आदरणीय काका, सप्रेम सलाम. मी पर्वरीला राहतो, वय ४१. मूळ घर कुडाळकडे, नोकरीमुळे गोव्यात येऊन पंधरा वर्षं झाली. आमची मंडळी लहान आहे, चाळीसेक कुटुंबं. भाड्याच्या हॉलमध्ये मराठी उपासना होते. गेल्या महिन्यात मंडळीने मला वडील म्हणून निवडलं. दीक्षेच्या दिवशी सगळ्यांसमोर विचारतात, वेस्टमिन्स्टरची विश्वासकबुली (आपल्या चर्चचं लेखी विश्वासविधान) मान्य आहे का? त्या निमित्ताने मी ती पहिल्यांदाच नीट वाचली. बाकी सगळं पटतं, पण तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्यापाशी मी अडतो. पत्नी ज्या मंडळीत वाढली तिथे जाणत्या वयात, पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देतात. तिच्याशी बोलता बोलता मलाही तेच पटत गेलं. नोव्हेंबरात आमच्याकडे बाळ येणार आहे. पाळकसाहेबांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, ‘‘अरे, हो म्हणून टाक. तेवढ्यासाठी कोण अडवतंय? माणसं तरी कुठे मिळतायत?’’ मी काय करू?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर

‘हो’ म्हणून टाकू नका. उत्तर एवढंच आहे, पण ते का, हे सांगायला मला थोडी जागा लागेल.

तुमच्या पाळकांवर मी रागावत नाही. चाळीस कुटुंबांतून सेशनसाठी माणसं उभी करणं किती जिकिरीचं असतं, ते मला ठाऊक आहे. म्हापशाच्या बाजूला एका मंडळीत मी बावीस वर्षं सेशनचा चिटणीस होतो. लाल कापडी बांधणीचं मिनिटबुक माझ्याच कपाटात असायचं. त्यातलं एक पान मला अजून पाठ आहे.

१९९४ चा मार्च. आमचा एक सभासद पेडण्याकडचा. दर वर्षी काजूची बाग घेऊन भट्टी लावायचा. बोंडू तुडवायचे, त्यांचा रस म्हणजे निरो गाळायचा, त्यातून आधी हुर्राक, मग फेणी. आजोबांपासून चालत आलेला, परवान्याचा, उघड धंदा. स्वतः तो थेंबही घेत नसे. आमच्या काही वडिलांवर मिशनच्या काळातल्या दारूबंदीच्या शिकवणीचा पगडा होता. त्यांनी ठराव आणला की दारूच्या धंद्यावर ज्याचं पोट आहे त्याला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, देऊ नये. आम्ही सहा जण बसलो होतो. मला ठराव चुकीचा वाटत होता. शास्त्राने दारुडेपणाला पाप म्हटलंय, द्राक्षारसाला नाही, आणि प्रभूच्या मेजावर आपण तोच ठेवतो, हे अगदी ओठांवर आलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, ‘‘कुणाला काही बोलायचंय?’’ डोक्यावर पंखा करकरत होता. साडेआठ होत आले होते आणि दोघांना शेवटची कदंब बस गाठायची होती. मी गप्प राहिलो. मग माझ्याच हाताने मिनिटबुकात लिहिलं: ‘ठराव एकमताने मंजूर.’

त्याला कळवायचं पत्रही माझ्याच अक्षरात गेलं. मे महिन्यात मी त्याच्या भट्टीवर गेलो. त्याने बसायला पाट दिला, पेलाभर गोड निरो दिला आणि म्हणाला, ‘‘चिटणीस, अक्षर सुंदर आहे तुमचं.’’ दुसरं काही बोलला नाही. तो पुन्हा मंडळीत आला नाही. नऊ वर्षांनी वारला तेव्हा दुसऱ्या मंडळीच्या पाळकांनी त्याला माती दिली. मी मागच्या रांगेत उभा होतो.

त्या संध्याकाळी मी ‘माझी असहमती नोंदवा’ एवढे तीन शब्द बोललो असतो तर ठराव तरीही मंजूर झाला असता, पाच विरुद्ध एक. पण ‘एकमताने’ हा शब्द खोटा पडला नसता, आणि त्या माणसाला कळलं असतं की आतमध्ये एक तरी जण आपल्या बाजूने बोलला. प्रेस्बिटरीकडे दाद मागायला त्याला धीर आला असता. तुम्ही मनात ‘नाही’ ठेवून तोंडाने ‘हो’ म्हणालात, तर वडील म्हणून मंडळीपुढे उच्चारलेला तुमचा पहिलाच शब्द माझ्या ‘एकमताने’सारखा होईल.

आता ज्या कबुलीपुढे तुम्ही अडलात तिच्याविषयी. १६४३ साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत ती सभा बसली आणि १६४६ मध्ये कबुली लिहून पूर्ण झाली. तिचं विसावं प्रकरण पुन्हा वाचा. विवेकबुद्धीचा प्रभू एकटा देव आहे, असं ते सांगतं. त्याच्या वचनाविरुद्ध असलेल्या, आणि विश्वास-उपासनेच्या बाबतीत वचनात नसलेल्याही, माणसांच्या आज्ञांपासून त्याने ती मोकळी ठेवली आहे. आंधळं आज्ञापालन मागणं म्हणजे विवेकाचं स्वातंत्र्यच काय, माणसाची बुद्धीही मारणं, इथवर ते जातं. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षं सोडली तर, ज्या गोव्याच्या भूमीवर इन्क्विझिशन, म्हणजे माणसांची धर्ममतं तपासून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, चाललं तिथे बसून हे वाचताना माझा आवाज दर वेळी जड होतो. एकतिसावं प्रकरण तर म्हणतं की प्रेषितांच्या काळानंतरच्या सगळ्या धर्मसभा चुकू शकतात, आणि बऱ्याच चुकल्याही आहेत. म्हणजे ज्या नियमाची तुम्हाला धास्ती वाटते तो स्वतःबद्दल हे कबूल करून बसला आहे.

पण त्याच विसाव्या प्रकरणाचं शेवटचं कलम वगळून चालणार नाही. ख्रिस्ती स्वातंत्र्याचं नाव पुढे करून जो मंडळीच्या रास्त अधिकाराला आडवा जातो, त्याला मंडळी जाब विचारू शकते. दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात आहेत, आणि आमच्या परंपरेची सगळी ओढाताण तिथेच आहे.

ही ओढाताण सोडवायची रीत जुनी आहे. १७२९ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सिनडने ठरवलं की पाळकाने कबुली तिच्या आवश्यक आणि मूलभूत कलमांत मान्य करावी. एखाद्या कलमाविषयी मनात अडचण असेल तर ती पद स्वीकारतानाच प्रेस्बिटरीपुढे उघड सांगावी. ती अडचण गाभ्याची की कडेची, हे प्रेस्बिटरी ठरवेल. पुढे वडिलांनीही कबुलीला होकार देण्याची प्रथा आली, म्हणून हे तुम्हालाही लागू आहे. यात दोन कामं दोघांना वाटून दिली आहेत, हे ध्यानात घ्या. सांगायचं तुम्ही, तोलायचं त्यांनी. तुमचे पाळक दोन्ही कामं एका वाक्यात उरकू पाहतायत, आणि तुम्ही लपवलंत तर तोलण्याचं त्यांचं काम तुम्ही हिरावून घेता.

म्हणून दीक्षेच्या आधी सेशनला चार ओळी लिहून द्या. साध्या शब्दांत, असं काहीसं: ‘अठ्ठाविसाव्या प्रकरणात विश्वासी आईबापांच्या तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा असं म्हटलं आहे. त्याविषयी माझं मन निःशंक नाही. मंडळीत याविरुद्ध मी शिकवणार नाही, आणि कुणाच्या बाळाच्या बाप्तिस्म्यात आडकाठी करणार नाही. स्वतःच्या बाळाला मात्र सध्या आणू शकत नाही. हे जाणून सेशनने आणि गरज पडल्यास प्रेस्बिटरीने निर्णय द्यावा.’ तारीख घाला, एक प्रत जवळ ठेवा.

लिहिण्याआधी एक मात्र स्वतःशी पक्कं करा. तान्ह्याचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, असं तुमचं म्हणणं आहे? की तो खरा आहे, पण मी माझ्या मुलासाठी थांबेन, असं? पहिलं असेल तर शेजारच्या बाकावरच्या जोडप्याचं बाळ पुढे आणतील आणि त्याला वाढवण्याचं वचन द्यायला सगळी मंडळी उठून उभी राहील, तेव्हा तुम्ही बसून राहाल का? मग वडिलाचं पद तुम्हाला झेपणार नाही. दुसरं असेल तर वाट निघू शकते. बाप्तिस्मा द्यायचं काम पाळकाचं, वडिलाचं नव्हे, त्यामुळे मनाविरुद्ध कृती तुमच्या हातून कुणी करवून घेणार नाही. तरी कबुलीने या विधीची हेळसांड हे मोठं पाप म्हटलंय, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्याच दमात ती हेही सांगते की बाप्तिस्म्याशिवाय तारण होतच नाही, असं नाही. मी स्वतः बालबाप्तिस्मा मानतो. माझी तिन्ही मुलं दोन महिन्यांची असताना पुढे नेली. तरी वडील म्हणून तुमच्या शेजारी बसायला मला संकोच वाटला नसता.

आणि हे काही अघटित नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली तेव्हा एका बाजूला अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन परंपरेचे लोक होते, दुसऱ्या बाजूला बॅप्टिस्ट. त्यांनी दोन्ही प्रकारचा बाप्तिस्मा एका छपराखाली मान्य केला. तुमची मंडळी त्या छपराखाली नसेल तर तो निर्णय तिला बांधत नाही. पण सेशनपुढे दाखला म्हणून ठेवायला हरकत नाही.

सेशन ‘नाही’ म्हणालं तर? १७४१ साली फुटलेली ती अमेरिकन मंडळी १७५८ साली पुन्हा जुळली, तेव्हा त्यांनी मतभेद असलेल्या माणसाला तीन वाटा आखून दिल्या. बहुमताच्या निर्णयाला मनापासून साथ दे. ते जमत नसेल तर विरोध न करता तो सोस. तेही मनाला पटत नसेल तर आपलं म्हणणं मोकळेपणाने मांड, आणि मग फूट न पाडता शांतपणे बाजूला हो. बाजूला होणं म्हणजे तुमच्या बाबतीत मंडळी सोडणं नव्हे. साध्या सभासदाकडून ख्रिस्तावरच्या विश्वासाची कबुली मागतात, अख्ख्या वेस्टमिन्स्टरची मागत नाहीत. तुम्ही सभासद राहाल, तुमचं बाळ त्याच हॉलमध्ये रांगेल.

खरोखर बाहेर पडायची वेळ काहींवर आली, तीही सांगतो, कारण तिचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. स्कॉटलंडात जमीनदार आपल्या मर्जीचा पाळक मंडळीच्या माथी मारत, आणि सरकारी न्यायालयं त्यांची बाजू घेत. १८ मे १८४३ ला एडिंबरोच्या जनरल असेंब्लीतून पाळकांचा जथा उठून बाहेर पडला. साडेचारशेहून अधिक पाळकांनी पगार आणि राहती घरं सोडली. बातमी आगबोटीने इथे पोचली, तेव्हा त्या चर्चचे हिंदुस्थानातले सगळेच मिशनरी बाहेर पडलेल्यांच्या बाजूला गेले. डॉ. जॉन विल्सन त्यात होते. १८२९ पासून मुंबईत राबलेल्या या माणसाला शाळेची इमारत सोडून द्यावी लागली, कारण ती जुन्या चर्चची होती. गिरगाव चौपाटीसमोर आज ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते हेच. त्यांचं भांडण मंडळीच्या मुळावर आलेल्या गोष्टीशी होतं. तुमचं तेवढं नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही ते माहीत आहे.

एक शेवटचं. सेशनपुढे बोलताना ‘पत्नीमुळे’ हा शब्द काढू नका. मत तुमचं आहे. तिने तुम्हाला वाचायला लावलं, एवढंच.

पत्र दुसरं

काका, सलाम. मी डिचोलीला शाळेत शिकवते, वय ५२. मंडळीने मला वडील म्हणून निवडलं, आमच्याकडे बाईची ही पहिलीच निवड. आमच्या चर्चच्या नियमावलीत बायकांना हे पद खुलं आहे, त्यामुळे वाद नियमाचा नाही. पण सेशनमधले सर्वांत ज्येष्ठ वडील म्हणतात, ‘‘दीक्षेच्या वेळी मी तिच्या डोक्यावर हात ठेवणार नाही, माझी विवेकबुद्धी परवानगी देत नाही.’’ संडे स्कूलमध्ये मला दहा आज्ञा पाठ करवणारे तेच. पाळक म्हणतात, त्यांचं मन वळेपर्यंत थांबू. आठ महिने झाले. मंडळीत कुजबुज वाढली आहे. मी नाव मागे घेऊ का?
– एक भगिनी, डिचोली

उत्तर

ताई, नाव मागे घेऊ नका.

त्यांची विवेकबुद्धी त्यांची आहे, तिचा मान ठेवायलाच हवा. पण विवेकबुद्धी माणसाला स्वतःच्या हाताबद्दल ‘मी हे करणार नाही’ म्हणायचा अधिकार देते. ‘म्हणून कुणीच करायचं नाही’ असं म्हणायचा अधिकार तिच्यात नाही. आणि या आठ महिन्यांत तुमच्या विवेकबुद्धीला कुणी विचारलं का? मंडळीने बोलावलं, तुम्ही प्रार्थना करून होकार दिला. तीही देवापुढची गोष्ट आहे.

हा पेच अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांपुढे फार टोकाला गेला होता. तिथल्या मुख्य चर्चने बायकांना १९३० साली वडिलाचं आणि १९५६ साली पाळकाचं पद खुलं केलं होतं. (स्कॉटलंडच्या चर्चने हे १९६६ आणि १९६८ मध्ये केलं.) वॉल्टर विन केन्यन नावाचा उमेदवार पाळक होऊ पाहत होता. त्याने आधीच सरळ सांगितलं की बाई वडील असलेल्या मंडळीत मी काम करीन, आड येणार नाही, पण तिच्या दीक्षेत स्वतः भाग घेणार नाही. पिट्सबर्ग प्रेस्बिटरीने त्याला मान्यता दिली. त्यावर तक्रार झाली आणि सर्वोच्च न्यायिक आयोगाने मान्यता रद्द केली: जे पद घ्यायचं त्याचं घटनेने नेमलेलं कर्तव्य करता येत नसेल, तर ते पद घेता येणार नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. त्या निकालाने पुष्कळ जण दुखावले, काही मंडळ्या बाहेर पडल्या. १९८१ साली इव्हँजेलिकल प्रेस्बिटेरियन चर्च निघाली, तिने हा प्रश्न ज्या त्या मंडळीवर सोडला.

मला तो निकाल वाचताना नेहमी त्रास होतो, कारण केन्यनने काही लपवलं नव्हतं. जे मी १९९४ मध्ये केलं नाही ते त्याने केलं. तरी निकालामागचा विचार मला नाकारता येत नाही. दीक्षेचा विधी चालवणं हे पाळकाचं नेमलेलं काम. तोच नाही म्हणाला तर निवडून आलेली बाई दारात उभी राहते. तुमच्याकडे स्थिती वेगळी आहे, आणि इथेच तुमच्या पाळकांना धीर दाखवता येईल. विधी पाळक चालवणार, हात ठेवायला बाकीचे वडील आहेत. एक हात कमी पडल्याने दीक्षा अपुरी राहत नाही.

तेव्हा सेशनला लेखी विनंती करा की रविवार ठरवावा. त्या ज्येष्ठांनी आपली असहमती कारणांसह मिनिटबुकात नोंदवावी. तो त्यांचा हक्क आहे, आणि भाषा सभ्य असेल तर ती नोंद कुणी नाकारू नये. दीक्षेच्या वेळी ते बाकावर बसून राहोत. त्यांचा हात धरून कुणी ओढायचा नाही, आणि नंतर टोमणा मारायचा नाही. मात्र पुढच्या प्रभुभोजनाला तुमच्या हातातलं ताट त्यांना घ्यावं लागेल, सेशनमध्ये तुमचं मत त्यांच्या मताइतकंच मोजलं जाईल. तेही त्यांना शक्य नसेल, तर पद सोडायचा विचार त्यांनी करायचा आहे, तुम्ही नाही. पाळक तरीही तारीख देत नसतील तर प्रेस्बिटरीकडे तक्रार करा. त्यात बंडखोरी नाही. प्रेस्बिटरी त्यासाठीच असते.

दीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन या. वाद घालू नका. ज्यांनी दहा आज्ञा शिकवल्या त्यांच्या हातचा चहा घ्या आणि परत या.

पत्र तिसरं

काका, मी वाळपईचा, कॉलेजात शिकतो. गेल्या रविवारी उपासनेत जाहीर केलं की गणेशचवथीला शेजाऱ्यांच्या घरी जो खाईल त्याला पुढच्या प्रभुभोजनाला बसता येणार नाही. माझ्या मित्राच्या घरी मी लहानपणापासून माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-पानांची चौकट) बांधायला मदत करतो, नेवऱ्या खातो. पूजेला बसत नाही. मी पाप करतो का?
– तुमचा, वाळपई

उत्तर

बाळा, करिंथकरांस पहिल्या पत्राचं आठवं आणि दहावं प्रकरण काढ. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न पौलापुढेही होता, आणि त्याने एका फटक्यात बंदी घातली नाही. मूर्तिपूजेपासून दूर पळा, त्या मेजाचे भागीदार होऊ नका, हे त्याने बजावलं. पण कुणाच्या घरी जेवायला बसलास तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा, असंही तोच सांगतो. कुणी मुद्दाम म्हणालं की हे वाहिलेलं आहे, तर त्याच्या विवेकबुद्धीसाठी थांब. पूजा आणि पंगत यांच्यातली रेघ तू आजवर ओळखून वागलास असं तुझ्या पत्रावरून दिसतं. माटोळीचं मात्र नीट विचार कर: तुझ्या मनाला ती शेजाऱ्याला दिलेला हात वाटते की पूजेतला वाटा? रोमकरांस पत्राच्या चौदाव्या प्रकरणात म्हटलंय की ज्याच्या त्याच्या मनाची खात्री असावी. मन साशंक असताना केलेली गोष्ट टाळ, मग ती कितीही लहान असो.

सेशनला तुम्हा मुलांना सावध करायचा हक्क आहे, आणि ते काळजीपोटी बोलले असतील. पण वचनात नाही अशी अट घालून प्रभूचं मेज बंद करायचा हक्क त्यांना नाही. भट्टीवाल्याच्या बाबतीत आम्ही नेमकं हेच केलं होतं. चोरून खाऊ नकोस आणि बाहेर कुरकुरही करू नकोस. नम्रपणे लिहून विचार: हा नियम शास्त्राच्या कोणत्या वचनावर उभा आहे, आणि तो केव्हा मंजूर झाला? पत्र चिटणिसाच्या हातात दे. पुढची सभा झाली की त्यांच्याकडे जाऊन विचार की ते मिनिटबुकात उतरलं का, आणि खाली काय लिहिलं.